नदीकाठच्या रस्त्याविषयी

चि. मृण्मयीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू चिडलीस, म्हणून लिहितो आहे. नोकरी तू स्वतःच्या बळावर मिळवलीस आणि ही बातमी मी जोश्यांकडे दोनदा सांगून आलो. तिकडे अमेरिकेत पोर्टलंडहून हुड रिव्हरपर्यंत, जवळजवळ 100 किलोमीटर, भर हिवाळ्यात एकटीने गाडी चालवत जाण्याविषयी काही बोलायचे नाही असे ठरवले आहे.

त्यापेक्षा रस्त्याविषयी लिहितो. तुझा महामार्ग कोलंबिया नदीच्या काठाने जातो. त्याच्या वर, कड्यांच्या अंगाने गेलेला जुना रस्ता 1913 ते 1922 या काळात बांधला गेला. त्याचा अभियंता सॅम्युअल लँकेस्टर 1908 साली सॅम हिल या धनिकाबरोबर पॅरिसच्या रस्ते परिषदेला गेला, युरोपातले रस्ते पाहून आला, आणि मग धबधबे दिसत राहतील अशा बेताने त्याने आखणी केली. चढ 5 टक्क्यांच्या वर नाही, वळणाची त्रिज्या 100 फुटांच्या खाली नाही. घाटात आम्हाला सलग वीसास एक चढ मिळाला असता तर कचेरीत पेढे वाटले असते! मिचेल पॉइंटच्या कड्यात जॉन एलियट या दुसऱ्या अभियंत्याने बोगदा कोरून नदीच्या बाजूला पाच खिडक्या ठेवल्या. महामार्गाच्या कामात तो बोगदा 1966 साली उडवून दिला, हे मात्र मला पटत नाही.

हुड रिव्हरच्या पुढे मोझियरचे जोड बोगदे आहेत. नोव्हेंबर 1921 मध्ये काही प्रवासी तिथे हिमवर्षावात अडकले आणि 19 ते 27 तारखांपर्यंत अडकून पडल्याची नोंद त्यांनी बोगद्याच्या भिंतीवर कोरून ठेवली. ती अक्षरे आजही वाचता येतात. बोगदे अरुंद पडले, वरून दगड येत राहिले, म्हणून 1950 च्या दशकात ते बंद करून बुजवले आणि 2000 साली पादचारी व सायकलस्वारांसाठी पुन्हा मोकळे केले. तू तिथे पायी जा, उन्हाळ्यात जा.

हिमापेक्षाही वाईट म्हणजे गोठणारा पाऊस. पूर्वेची थंड हवा नदीच्या खिंडीतून पश्चिमेला वाहते, वरून समुद्राकडची ओली हवा येते, आणि थेंब डांबरावर पडताच त्याचे बर्फ होते. ते डोळ्यांना दिसत नाही. अशा दिवशी रजा घ्यावी, वरिष्ठ काय म्हणतील ते म्हणोत. ज्यांनी रस्ता बांधला त्यांनीही हवामानापुढे हात टेकले, तिथे... असो. पुन्हा व्याख्यान झाले, क्षमा कर.

वरंधा घाटात जीपच्या पुढच्या सीटवर उभी राहून तू कठड्याचे दगड मोजत असायचीस आणि मोजणी चुकली की गाडी मागे घ्यायला लावायचीस. सदूभाऊ बिचारे घ्यायचेसुद्धा. तेव्हापासून रस्त्याची भीती तुला कधीच नव्हती. माझी अडचण नेमकी तीच आहे.

चाकांच्या साखळ्या घेतल्यास का? नुसत्या डिकीत ठेवू नकोस, कोरड्या दिवशी एकदा स्वतः चढवून पाहा, कारण थंडीत बोटे चालत नाहीत. यातले काही मी आईला सांगितलेले नाही. तिने विचारलेच तर महामार्ग रुंद आहे एवढे सांग, ते खरेही आहे.

बाबा