गिरण्या संपामुळे बुडाल्या नाहीत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत १९८२ च्या गिरणी संपावरचा लेख वाचला. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या हट्टापायी सोन्यासारख्या गिरण्या बुडाल्या आणि कामगारांनी चांगली नोकरी लाथाडली, असा त्याचा एकूण सूर. माझे वडील साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, बदली कामगार होते. बदली म्हणजे काय? पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत जायचं, नाहीतर आल्या पावली घरी. जेवढे दिवस भरले तेवढाच पगार. वर्षानुवर्षं बदलीच राहिलेली माणसं आमच्या चाळीत दर मजल्यावर होती. लाथाडायला त्यांच्याकडे नोकरी होतीच कुठे?

म्हणून तर मागण्यांमध्ये पगारवाढीच्या जोडीने दोन गोष्टी होत्या, ज्यांचा लेखात उल्लेखही नाही. बदलीवाल्यांना कायम करा आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा. त्या कायद्याने सबंध उद्योगात मालकांशी बोलण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता. मुंबईच्या गिरण्यांत ती युनियन म्हणजे काँग्रेसच्या इंटक या कामगार संघटनेचा राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि राज्यात व दिल्लीत सरकारही काँग्रेसचंच. अडीच लाख माणसं १८ जानेवारीला सामंतांमागे बाहेर पडली तरी कायद्याच्या लेखी त्यांचा प्रतिनिधी मजदूर संघच राहिला. असा कायदा असताना हट्टी कोण, ते वाचकांनीच ठरवावं.

मालकांचं काय अडलं? फारसं काही नाही. कापड संपाच्या आधीच भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांकडे वळायला लागलं होतं. तिथे बारा तासांची पाळी आणि युनियनचा पत्ता नाही. संप चालू असताना तिथेच विणलेल्या मालावर इथल्या गिरण्यांचे शिक्के बसत होते. पैसा गिरणीतून निघाला होताच, संपाने त्याला निमित्त दिलं. पुढे खरं पीक आलं ते जमिनीचं. गिरणगावातली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या नियमाने तिचा एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ मध्ये ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती केली गेली, आणि मोकळी जागा गिरणीत असते कितीशी? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. आज तिथे मॉल आणि टॉवर उभे आहेत. भोंग्याची चिमणी कुठेकुठे शोभेला ठेवली आहे.

हे एकट्या मुंबईत घडलं असतं तर एका माणसाच्या स्वभावावर ढकलता आलं असतं. पण १९८१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत रेगन सरकारने अकरा हजारांवर संपकरी हवाई वाहतूक नियंत्रकांना एका फटक्यात कामावरून काढलं. १९८४-८५ मध्ये ब्रिटनमध्ये थॅचरबाईंनी खाणकामगारांचा वर्षभराचा संप मोडला. तिथे काही दत्ता सामंत नव्हते.

आम्हा डाव्यांच्या खात्यावरही चुका जमा आहेत, त्या झाकून चालणार नाही. गिरणीत चांगला पगार साचेखात्यात मिळे, पण धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतला) दोरा तोंडाने ओढावा लागतो म्हणून सवर्ण विणकर दलितांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्ट, पुढाऱ्यांना तो अडचणीचाच वाटला. विटाळ पाळणारा कामगार मालकाशी एकजुटीने कसा लढणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. तो एक दिवस. त्यानंतर तसे दिवस फार आले नाहीत, आणि याचा दोष भांडवलदारांना देता येत नाही.

हे जुनं उगाळण्याचं कारण ताजं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के सभासद असलेल्या युनियनलाच वाटाघाटीचा एकमेव हक्क आहे. संपाला चौदा दिवसांची नोटीस सगळीकडेच सक्तीची झाली. कामगारकपातीला सरकारी परवानगीची अट १०० ऐवजी ३०० कामगारांपासून पुढे लागते. शिवाय 'फिक्स्ड टर्म' नेमणूक आता कायदेशीर आहे. मुदत संपली की माणूस गेटबाहेर. वडील असते तर त्यांना हा नवा शब्द समजावून सांगावा लागला नसता.

शेवटी एक दुरुस्ती. लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'संप मागे घेतल्यानंतर कामावर परतणारे कामगार' असं छापलं आहे. लोक भुकेपोटी एकेक करून परतले, पुष्कळांना परत घेतलंच नाही; पण १९८२ चा तो संप आजतागायत कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. कृपया ती ओळ बदलून छापावी.

आपला,
एका बदली कामगाराचा मुलगा
(मूळचा लालबागचा, आता मुक्काम बदलापूर)