९ जुलैला साधनाताईंसाठी एक पान द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बाबा आमट्यांवर तुमच्या पेपरात आणि बाकीच्याही पेपरांत दरवर्षी ९ फेब्रुवारीला त्यांच्या स्मृतिदिनाच्या आसपास काही ना काही छापून येतं, ते यायलाच पाहिजे, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण त्या लेखांत साधनाताई बहुतेक वेळा एका ओळीत उरकल्या जातात, 'पत्नी साधनाताईंची मोलाची साथ लाभली', झालं, लेख पुढे सरकतो. ताई गेल्या ९ जुलै २०११ ला, कॅन्सरने, आणि ती तारीख कधी येते कधी जाते कोणाला कळतसुद्धा नाही. त्यांचा जन्म १९२६ चा, म्हणजे शंभर वर्षांचा हिशोब झाला, निदान आता तरी त्यांच्याबद्दल नीट लिहा एवढं सांगायला हे पत्र.

मी वरोऱ्याच्या बाजूचीच, आनंदवनाचं नाव लहानपणापासून कानावर. घरातली म्हातारी माणसं सांगायची की सुरुवातीची कित्येक वर्षं तिथली भाजी, तिथलं दूध कोणी विकत घ्यायचं नाही, महारोग्यांच्या हातचं म्हणून. लोकांना भीतीच तेवढी होती. पुढे परदेशातले स्वयंसेवक येऊन तिथे राबले, तिथलंच जेवले, ते पाहून मग आपल्या लोकांची भीड चेपली. पण त्याच्याही आधीपासून एक बाई तिथे दोन लहान मुलं घेऊन संसार करत होती, हे सांगताना मात्र कोणी फार थांबत नाही.

त्या मूळच्या नागपूरच्या इंदू घुले, शास्त्र्यांच्या घरातल्या, सोवळंओवळं कडक पाळणारं घर. बाबांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ती गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. लग्नघर होतं, सगळी गडबड चालू, आणि ही मुलगी सगळ्यांची नजर चुकवून मागे जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होती. लग्न करायचं नाही म्हणणारे बाबा ते बघून बदलले. ही गोष्ट नेहमी बाबांच्या प्रेमाची म्हणून सांगतात, मला ती ताईंची वाटते. कारण त्या वेळी त्या मुलीला कोणी समाजसेवा शिकवली नव्हती, समोर कोणी बघतंय हेही माहीत नव्हतं, म्हातारीचे हात दमलेत एवढंच तिला दिसलं. डिसेंबर १९४६ मध्ये लग्न झालं आणि इंदूची साधना झाली.

लग्नानंतर लगेच काय, तर श्रमाश्रम. सगळ्या जातीची माणसं एकत्र राहणार, एकत्र राबणार, एकाच चुलीवर शिजलेलं खाणार. शास्त्र्यांच्या घरून आलेल्या विशीतल्या मुलीला हे किती जड गेलं असेल याचा विचार करून बघा. बाबांचे विचार बाबांनी स्वतः निवडलेले होते, ताईंना मात्र ते संसारासोबत आले आणि त्यांनी ते रोजच्या स्वयंपाकात आणि धुण्याभांड्यात पाळून दाखवले.

मग १९४९. बाबा कुष्ठरोगाचा कोर्स करायला कलकत्त्याला गेले, तिथे संशोधनासाठी स्वतःच्या अंगात ते जंतू टोचून घेतले हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. त्या वेळी विकासभाऊ दोन वर्षांचेही झाले नव्हते आणि प्रकाशभाऊ तर अगदीच तान्हे. जंतू टोचून घ्यायला हिंमत लागते तशी ज्याने टोचून घेतलेत त्याच्यासोबत दोन पोरं घेऊन राहायलाही लागते. आज आपल्याला माहीत आहे की बहुतेक माणसांच्या अंगात या रोगाशी लढायची ताकद मुळातच असते आणि औषध सुरू झालं की संसर्गाची भीती जवळजवळ राहत नाही, पण बहुविध औषधोपचार, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत, आली १९८० नंतर. ताईंनी मुलं वाढवली ती त्याच्या तीस वर्षं आधी, नुसत्या डॅप्सोन या एका औषधाच्या काळात. कुठल्या आईने केलं असतं सांगा.

आनंदवनाच्या सुरुवातीचं वर्णन सगळ्यांना पाठ आहे, खडकाळ जमीन, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. त्या खडकात विहीर खणली, साप-विंचू होते, हे सगळं खरंच. पण तिथल्या माणसांना रोज दोन वेळा जेवायला लागायचं, हे कुठल्या वर्णनात येतं? आणि ज्याने हा रोग जवळून पाहिला नाही त्याला एक गोष्ट कळणार नाही म्हणून सांगते. यात नसा मरतात, हाताला-पायाला काही कळेनासं होतं. तव्याला हात लागला, कातडी भाजली तरी त्या माणसाला पत्ता नाही, पायात काटा घुसून दोन-दोन दिवस तसाच, मग जखम, मग ती चिघळते, आणि बोटं जातात ती बहुतेक वेळा अशी, दुर्लक्षाने. म्हणून अशा ठिकाणी चूल सांभाळायची, भांडी हातात द्यायची, लंगडणाऱ्याचा पाय उचलून बघायचा, हे काम डॉक्टरच्या कामाइतकंच मोलाचं असतं, तिथल्या प्रत्येक बाईने ते केलं आणि त्या घरात पहिली बाई ताई होत्या.

आता श्रद्धेबद्दल, कारण हे हल्ली फार चुकीचं सांगितलं जातं, समाजसेवक म्हटला की नास्तिकच आणि देवाचं करणारी बाई म्हटली की घरातच बसणारी असं काहीतरी. ताई देवाचं मानणाऱ्या होत्या, मनापासून. बाबांचा कर्मकांडावर विश्वास नव्हता, दोघांचं यात जमत नव्हतं तरी एकमेकांवर लादलं नाही. ताईंनी देव सोडला नाही आणि देवासाठी माणूस दूर ठेवला नाही. ज्या घरात नुसती सावली पडली तरी आंघोळ करायचे त्या घरातली बाई महारोग्यांच्यात राहिली आणि तिच्या देवाला त्याने काही झालं नाही. माझ्या मते तेव्हाच्या विदर्भात दहा भाषणांनी जे झालं नसतं ते यातून झालं, कारण भाषण करणाऱ्याला लोक म्हणायचे हा तर सुधारक, पण पूजा करणाऱ्या बाईला काय म्हणणार.

आणि कुटुंब. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात होतं, किती साली काढलं माहितीये? २०१९. तोपर्यंत नवऱ्याला बायको आणि बायकोला नवरा या एका आजारासाठी सोडता यायचं, कायद्यानेच, आजार पूर्ण बरा होत असतानासुद्धा. घरच्यांनी टाकलेल्या अशा माणसांची आनंदवनात लग्नं लागली, संसार उभे राहिले, पोरं झाली, शाळेत गेली. टाकलेल्या मुलींच्या डोक्यावर माहेर म्हणून हात ठेवणारी बाई ताई होत्या. स्वतःच्या दोन मुलांसोबत एक मुलगी पोटच्या लेकीसारखी वाढवली. दोन्ही मुलगे डॉक्टर झाले आणि शहरात दवाखाना न टाकता परत तिथेच आले, दोन्ही सुनासुद्धा डॉक्टर आणि त्याही त्याच कामात. १९७३ ला प्रकाशभाऊ माडिया आदिवासींसाठी काम करायला जंगलात हेमलकशाला गेले तेव्हा तिथे ना रस्ता ना वीज, पावसाळ्यात महिनोन् महिने संपर्क नाही. मुलाला अशा ठिकाणी जाऊ देणारी आई आणि नातवंडं तिथेच माडिया मुलांसोबत शिकताहेत हे आनंदाने बघणारी आजी, यावर कोणीतरी सविस्तर लिहायला नको का?

शेवटी कसरावद. १९९० मध्ये बाबा नर्मदेच्या काठावरच्या या गावी जाऊन राहिले, धरणाच्या विरोधात. बाबांच्या मणक्याचं दुखणं तोपर्यंत असं की बसता यायचं नाही, एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं. ताई तेव्हा साठी ओलांडलेल्या. चाळीस वर्षं ज्या माळावर घाम गाळला, जिथे आता कुठे सावली झाली होती, ते सोडून परत एकदा परक्या गावी चूल मांडली आणि जवळपास दहा वर्षं काढली. धरणाबद्दल कोणाचं काय मत असेल ते असो, मला त्या वादात पडायचं नाही. पण आंदोलनाच्या फोटोंत बाबा खाटेवर पडलेले दिसतात, लोक भेटायला आलेले दिसतात, त्या सगळ्यांचं चहापाणी, बाबांचं औषध, कूस बदलून देणं, हे कोण करत होतं ते फोटोत येत नाही.

बाबांना मॅगसेसे, टेंपल्टन, पद्मविभूषण सगळं मिळालं, योग्यच होतं. ताईंना पुरस्कार मिळावेत म्हणून मी लिहीत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की त्यांचं काम हे वेगळं काम म्हणून मांडलं पाहिजे, बाबांच्या कामाची शेपटी म्हणून नाही. आणि हे फक्त ताईंपुरतं पण नाही, तुमच्याच पेपरात रोज निधनवार्ता येतात, वयस्कर बाई असली की 'धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या', मग मुलं सुना नातवंडं, बस. माझ्या आत्याचं पण तसंच छापून आलं होतं, तिने गावातल्या किती बायकांची बाळंतपणं रात्री-बेरात्री जाऊन केली त्याचा एक शब्द नाही, आणि ती बाळं आज पन्नाशीची आहेत.

तर विनंती अशी की ९ जुलैला पुरवणीत एक पूर्ण पान साधनाताईंना द्या. मोठ्या लेखकांचं लिहून घेऊ नका, ते परत बाबांवरच येतील. ताईंनी स्वतः आत्मचरित्र लिहिलंय, मराठीतच आहे, त्यातला भाग परवानगी घेऊन छापता येईल. आणि एखादा वार्ताहर आनंदवनात पाठवा, तिथे ताईंच्या हाताखाली ज्या बायकांनी काम केलं त्यातल्या ज्या असतील त्यांच्याकडे बसवा, चांगले दोन दिवस, आणि त्या सांगतील तसं त्यांच्या बोलीत छापा. त्या आता सत्तरी-ऐंशीच्या असणार, तेव्हा पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.

आपली,
एक जुनी वाचक, जि. चंद्रपूर