बाराच्या सहा लेन

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

बोलिंग अ‍ॅलीचा, म्हणजे जड बॉल घरंगळवत बाटलीच्या आकाराच्या दहा पिना पाडायच्या खेळाच्या जागेचा, तुझा आराखडा आणि खर्चाचा तक्ता छापून घेतला. स्क्रीनवरचे आकडे माझ्याशी बोलत नाहीत, कागद आणि लाल पेन लागतं. पेन पहिल्याच ओळीवर अडलं : ‘लेन – १२’.

हॉल ४२ फूट रुंद, लेन साडेतीन फूट, म्हणून बारा. भागाकार बरोबर आहे, लेन चुकली. साडेएकेचाळीस इंच ही नुसती बॉल घरंगळतो त्या पट्ट्याची रुंदी. तिच्या दोन्ही अंगांना सव्वानऊ-सव्वानऊ इंचांचं गटर, म्हणजे चुकलेला बॉल पडतो ती पन्हळ. झाले पाच फूट. त्यात बॉल परत आणणारी यंत्रणा दोन लेनमध्ये एक असते, म्हणून लेन जोडीनेच बसवतात आणि एक जोडी साधारण साडेअकरा फूट खाते. तुझ्या हॉलमध्ये तीन जोड्या बसतील. सहा लेन. उरलेल्या साडेसात फुटांवर डोळा ठेवू नकोस, मेकॅनिकला मागे जायला बाजूने वाट लागतेच.

लांबीतही तीच गफलत. ६० फूट हे फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडताना ओलांडायची नाही त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंतचं अंतर. बाकीच्या पिना तिच्यामागे, त्यांना जवळजवळ ३ फूट. फाउल लाइनच्या अलीकडे धावत येऊन बॉल सोडायला किमान १५. हे ७८ झाले, आणि यात पिना उभ्या करणारं मशीन अजून आलेलं नाही. मशीन आणि त्यामागची वाट धरून आणखी आठ-नऊ फूट सोड. काल संध्याकाळी मैदानावर जाऊन मी टेप लावली. तुझी आई दुसरं टोक धरून उभी होती, तिथून ओरडली, “अरे, एवढ्या लांबून पिना दिसतात तरी का?” तुझ्या ९५ फुटांतले शेवटचे आठ आम्ही चुन्याने आखले. एक बाक मावतो, आणि बाकामागून माणूस तिरका होऊन जातो. बुटांचं काउंटर, पैसे घ्यायची जागा, स्वच्छतागृह, सगळं त्या आठ फुटांत. हॉलची अनामत अजून दिली नसशील तर थांब. दुसरा, लांब हॉल बघ.

मागच्या वाटेबद्दल मी एवढा का बोलतो, ते तुला ठाऊक नाही. तू लहान होतास. छापखान्यात दुसरं मशीन आणलं तेव्हा जागा वाचवायला मी ते भिंतीला टेकवून बसवलं. सहा महिन्यांत मागचा एक बेअरिंग गेला. मेकॅनिकचा हात भिंत आणि मशीनच्या फटीत मनगटापर्यंतच जाई. शेवटी सगळं मशीन उचलून पुढे घ्यावं लागलं, अकरा दिवस काम बंद. बेअरिंग किरकोळ होता, अकरा दिवस महाग पडले.

पिना उभ्या करायला पूर्वी लेनच्या मागे पोरं बसवत. आपोआप पिना लावणारं मशीन १९४६ मध्ये अमेरिकेत बफेलोच्या स्पर्धेत लोकांना दाखवलं गेलं, बाजारात यायला १९५२ उजाडलं. पोरं गेली, पण मागे माणूस लागतोच. तू तक्त्यात मेकॅनिक धरलेलाच नाहीस. पडलेल्या पिना खड्ड्यातून उचलून, सरळ करून पुन्हा लावणारं जुन्या पद्धतीचं मशीन घेतलंस, तर त्याला हातचा, शिकलेला माणूस हवा, सुट्या भागांचा साठा हवा. दोरीवालं मशीन, म्हणजे प्रत्येक पिनच्या डोक्याला दोरी, ती ओढली की पिना वर, सोडली की जागेवर, यात फिरते भाग कमी आणि वीजही कमी लागते. दोऱ्या गुंततात, पण ते काउंटरवरचा मुलगाही सोडवू शकतो. मुरलेले खेळाडू नाक मुरडतात, कारण दोरीच्या पिना वेगळ्या पडतात. अमेरिकेतल्या बोलिंग संघटनेनेसुद्धा २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली ती वेगळा प्रकार म्हणून. तुझ्याकडे येणार कोण? वाढदिवसाची पोरं, ऑफिसातली टोळकी. मी दोरीचं घेईन.

आता उत्पन्न. सगळ्या लेन रोज बारा तास भरलेल्या, महिन्याचे तीसही दिवस! हा तक्ता तू उद्घाटनाच्या दिवशी बसून केलास असं वाटतं. सहा लेन, बारा तास, सात दिवस म्हणजे आठवड्याला ५०४ लेन-तास. नोकरीशाळा सोडून मंगळवारी दुपारी कोण येणार? पाच दिवस संध्याकाळचे तीन तास भरले असं धरू, ते ९०. शनिवार-रविवार आठ-आठ तास, ते ९६. एकूण १८६, शेकडा ३७. हेही मी हात सैल सोडून धरलंय. भाडं, पगार, एसी, हप्ता, सगळं या १८६ तासांतून निघालं पाहिजे. निघत नसेल तर तिकीट वाढवून काढू नकोस, जागा बदल किंवा कर्ज कमी कर.

आकारणी खेळावर की तासावर, हे तू रिकामं सोडलंस. दहा फ्रेमचा, म्हणजे दहा पाळ्यांचा, एक खेळ एका माणसाला साधारण दहा मिनिटं. पाच जण आले की तास गेला, आणि गप्पा मारत खेळले तर दीड. तासावर घेतलंस तर त्यांच्या गप्पांचे पैसे मिळतात. मात्र दोरी अडकली, दहा मिनिटं गेली, की गिऱ्हाईक घड्याळ दाखवणार. तेवढी मिनिटं वाढवून द्यायचं आधीच ठरवून ठेव.

जुन्या लेन स्वस्तात मिळताहेत म्हणतोस. घे, पण उपसणं, वाहतूक, बसवणं यांचे वेगळे आकडे मागव. लाकडी असतील तर घासून पुन्हा पॉलिश करायचा खर्च मानेवर बसतो. आणि कशाही असल्या तरी समतलपणात चूक चालते ती इंचाच्या हजारातल्या ४० भागांची, जेमतेम एक मिलिमीटर. खालची फरशी खचत असेल तर वर काहीही टाक, बॉल एका अंगालाच पळणार. आधी फरशी तपासून घे.

बारीकसारीक तू सगळं विसरलास : रोज लेनला द्यायचं तेल, ते देणारं यंत्र, सगळ्या मापांचे बूट, हलक्यापासून १६ पौंडांपर्यंतचे बॉल, दरवर्षी बदलाव्या लागणाऱ्या वस्तू. सजावटीला मात्र भरघोस रक्कम. तिचा निम्मा भाग कापून मी खेळत्या भांडवलात टाकलाय. दार उघडल्यावर सहा महिने हॉल अर्धा रिकामा राहिला तरी पगार आणि हप्ते त्यातून गेले पाहिजेत. मशीन यायला उशीर होतो, भाडं मात्र करार झाल्या दिवसापासून चढतं. म्हणून बसवणी होईपर्यंत भाडं माफ, हे मालकाकडून लिहून घे. करार पाचच वर्षांचा नको, लांब मुदतीचा कर. फरशीला ठोकलेल्या लेन पाठीवर टाकून नेता येत नाहीत.

लाल खुणांचा कागद सोबत पाठवतोय. नवा हॉल बघायला जाशील तेव्हा मला घेऊन जा. टेप माझ्याकडेच आहे, पण ५० फुटी, दोनदा लावावी लागते. दुसरं टोक तू धर, आईचे गुडघे दुखताहेत.

तुझा,
बाबा