एक्सरसाइज बाइकच्या डिस्प्लेवरील कॅलरींच्या आकड्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : घरगुती एक्सरसाइज बाइकवर दिसणारा कॅलरींचा आकडा निराधार असल्याबाबत व रक्कम परत मिळण्याबाबत.

संदर्भ : माझी ई-मेलद्वारे केलेली तक्रार व त्यावरील आपले उत्तर.

महोदय,

आपल्या कंपनीची चुंबकीय रेझिस्टन्सची एक्सरसाइज बाइक मी आपल्याच संकेतस्थळावरून खरेदी केली. तिच्या खोक्यावर आणि जाहिरातीत ‘अचूक कॅलरी मोजणी’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. सायकलच्या बांधणीविषयी माझी काहीही तक्रार नाही. सीट भक्कम आहे आणि फ्लायव्हील, म्हणजे पेडलसोबत फिरणारे जड चाक, आवाज करत नाही. तक्रार आहे ती केवळ या आकड्याविषयी, आणि आपल्या प्रतिनिधीने ‘सेल बदलून पाहा’ असे उत्तर देऊन तिची बोळवण केल्यामुळे हे सविस्तर पत्र लिहावे लागत आहे. सेल बदलले आहेत, फरक पडलेला नाही.

रेझिस्टन्सचा नॉब पूर्ण सैल ठेवून आणि नंतर पूर्ण आवळून, मिनिटाला ७० फेऱ्यांच्या एकाच वेगाने, तितकाच वेळ पेडल मारले असता दोन्ही वेळा डिस्प्लेवर कॅलरींचा आकडा सारखाच आला. दुसऱ्या वेळी मांड्या भरून आल्या होत्या आणि धाप लागली होती, याची त्या यंत्राला दखलच नव्हती. सीटवर कोणीही न बसता पेडल नुसते हाताने फिरवले, तरीही कॅलरी त्याच गतीने वाढत गेल्या. आपल्या ॲपमध्ये वजन भरण्याची सोय आहे; तिथे आधी ६२ किलो आणि मग ९० किलो भरून पाहिले, आकडा तसूभरही हलला नाही. मग ते वजन विचारता तरी कशासाठी?

यामागचे कारण शोधायला अभियंता असण्याची गरज नाही. नॉबपासून निघणारी तार चुंबकाला फ्लायव्हीलच्या जवळ किंवा दूर नेते आणि तिथेच संपते. डिस्प्लेपर्यंत पोहोचते ती फक्त पेडलच्या फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरची वायर. म्हणजे पायांना किती जोर लावावा लागला, याची कोणतीही माहिती डिस्प्लेला मिळत नाही. तो फेऱ्या मोजतो, त्यांना एका ठरावीक संख्येने गुणतो आणि आलेल्या गुणाकाराला कॅलरी म्हणतो.

हा आकडा किती फुगलेला आहे हे तपासण्यासाठी, वॉट दाखवणाऱ्या व्यायामशाळेतील सायकलवर मी १०० वॉटच्या आसपास ३० मिनिटे व्यायाम केला आणि छातीच्या पट्ट्यावर हृदयाचे ठोके तेवढेच राखून घरी आपल्या सायकलवरही तितकाच वेळ केला. १०० वॉटने ३० मिनिटांत १८० किलोज्यूल, म्हणजे सुमारे ४३ किलोकॅलरी (डिस्प्लेवर किंवा आहारात जिला नुसती ‘कॅलरी’ म्हणतात तीच) इतके काम पेडलवर होते. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी साधारण २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोहोचवते, बाकीची उष्णता होऊन जाते. त्या हिशेबाने खर्च १७२ ते २१५ किलोकॅलरींच्या दरम्यान येतो. दुसऱ्या वाटेने गेले तरी उत्तर जवळपास तेच आहे. ९० ते १०० वॉटच्या स्थिर सायकलिंगसाठी प्रचलित तक्त्यांत ६.८ मेट, म्हणजे स्वस्थ बसून होणाऱ्या खर्चाच्या ६.८ पट, धरतात (एक मेट म्हणजे दर किलो वजनामागे तासाला सुमारे एक किलोकॅलरी) आणि माझे वजन ६२ किलो असल्याने अर्ध्या तासाच्या २११ किलोकॅलरी होतात, त्यातही नुसते बसून राहिले असते तरी खर्च झाल्या असत्या अशा सुमारे ३१ समाविष्ट आहेत. आपल्या डिस्प्लेने दाखवले ३९०.

कॅलरींचा हिशेब हा अंदाजच असतो, याची मला जाणीव आहे, आणि दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे झाले असते तर मी हे पत्र लिहिलेच नसते. परंतु माझ्या आहारतज्ज्ञ व्यायामाचा खर्च धरून रोजचे खाणे ठरवतात. येथील फरक साधारण दोन पोळ्यांइतका आहे, आणि तो रोजचा आहे.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात ‘आकडे केवळ संदर्भासाठी’ असे छापून खोक्यावरील ‘अचूक’ हा दावा धुऊन निघत नाही. व्यायामाच्या स्थिर उपकरणांसाठीच्या आयएसओ २०९५७ या मानकात अचूकतेनुसार ए, बी आणि सी असे वर्ग आहेत. आपली सायकल त्यांपैकी कोणत्या वर्गात बसते, याचा उल्लेख मला पुस्तिकेत कुठेही सापडला नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(२८) मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिलेली आहे आणि माझ्या मते आपला दावा त्या व्याख्येत चपखल बसतो.

तरी सायकल आपल्या खर्चाने परत नेऊन संपूर्ण रक्कम मला परत करावी. काम प्रत्यक्ष मोजणारा डिस्प्ले याच सायकलला बसवता येत असेल, तर तो विनामूल्य बसवून दिल्यासही माझी हरकत नाही. सवलतीचे कूपन मात्र पाठवू नये. कॅलरी काढण्याचे आपले सूत्र काय आहे, हे दोन्ही परिस्थितींत लेखी कळवावे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व तिचे निवारण एका महिन्यात करणे आपल्यावर बंधनकारक आहे. त्या मुदतीत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, खोक्यावरील मजकुराचे छायाचित्र, रिकाम्या सीटसह वाढत्या आकड्यांची चित्रफीत.