पूरनिवारणाचा निधी दिवाळीपूर्वी मिळावा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बेळगाव जिल्ह्यात पाऊस मृगावर येतो आणि सरकारी निधी बहुधा मार्चअखेरीला. नालेसफाई, नदीकाठची संरक्षक भिंत, शाळेचे छप्पर, जुन्या देवळाची डागडुजी ही सगळी कामे या दोन तारखांच्या मध्ये अडकतात. फेब्रुवारीत मंजुरी आली की निविदा, छाननी आणि कार्यादेश यांतच दोन-अडीच महिने जातात. जेसीबी नाल्यात उतरतो तेव्हा वळीव सुरू झालेला असतो. मंजुरी दिवाळीपूर्वी आणि कार्यादेश संक्रांतीपर्यंत निघाला, तरच जानेवारीपासूनचे कोरडे महिने हाती लागतात. निधी किती कोटींचा, यावर भांडणारे आपले लोकप्रतिनिधी या तारखेसाठीही भांडतील का?

पैशाची सोय मुळीच नाही असे नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी राज्याच्या आपत्ती निधीतील 20 टक्के वाटा आपत्ती येण्याआधीच्या उपायांसाठी वेगळा काढला. त्यात केंद्राचे 75 आणि राज्याचे 25 टक्के. ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर पूर्ण पडलेल्या घरासाठी राज्याने 5 लाख रुपये जाहीर केले, ती मदत आवश्यकच होती. पण घर पडू नये म्हणून आपल्या जिल्ह्यात कोणत्या नाल्यावर, कोणत्या काठावर किती खर्च झाला, हे जिल्हा प्रशासनाने तालुकावार जाहीर करायला हवे.

बेळगाव शहरालगतच्या बळ्ळारी नाल्याचेच पाहू. शहापूर, वडगाव, जुने बेळगावच्या शिवारात पाणी तुंबून भात कुजते आणि शेतकऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते. 100 हेक्टर क्षेत्रावर तासाभरात 50 मिलीमीटर पाऊस झाला, तर 50,000 घनमीटर पाणी पडते. त्यातले निम्मे वाहून आले तरी सेकंदाला सुमारे 7 घनमीटर होतात. 900 मिलीमीटर व्यासाच्या एका नळीतून, वेग सेकंदाला 2 मीटर धरला तरी, जेमतेम सव्वा घनमीटर जाते. म्हणजे तशा सहा नळ्या हव्यात, त्याही स्वच्छ. दोन नळ्या टाकून वर रस्ता केला आणि त्यांत निम्म्यापर्यंत गाळ बसला, की पाणी शिवारातच थांबणार. म्हणून मोरीच्या प्रत्येक अंदाजपत्रकासोबत पाण्याचा हा हिशेब जोडणे सक्तीचे करावे.

गाळ काढण्याचे बिल यंत्राच्या तासांवर देऊ नये. दर 30 मीटरवर नाल्याचा आडवा छेद कामाआधी आणि कामानंतर लेव्हल (उंची-खोली मोजण्याचे यंत्र) लावून घ्यावा आणि फरकाच्या घनमीटरवर पैसे द्यावेत. खोदाई खालच्या टोकाकडून वर यावी. वरचा भाग आधी मोकळा केला तर पाणी खालच्या अरुंद जागी लवकर पोहोचते आणि तिथली शेते बुडतात. काढलेला गाळ काठावर टाकला, तर पहिल्या जोराच्या पावसात तो परत नाल्यात येतो. वाहतुकीचा खर्च वाचवण्यासाठी नेमके हेच केले जाते.

चिकोडी-निपाणी भागात कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगेच्या काठी भिंतींची मागणी मोठी आहे. अशी भिंत पूर चढताना सहसा पडत नाही, पडते ती पूर झपाट्याने ओसरताना. मागची काळी माती पाण्याने फुगलेली असते आणि समोरचा पाण्याचा आधार निघून जातो. म्हणून भिंतीमागे खडी-वाळूचा थर आणि भिंतीला पाणी निघण्याची भोके हवीत, पाया नदी तळ खरवडते त्या खोलीच्याही खाली हवा, दोन्ही टोके काठात आत वळवलेली हवीत. अंदाजपत्रक कापताना आधी हीच कलमे उडवली जातात, आणि मग भिंत बांधूनही गाव पुन्हा उघडेच.

पुरातन वास्तूंचे दुखणे वेगळे आहे. खानापूर तालुक्यातील हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर, देगावचे कमलनारायण मंदिर, बेळगाव किल्ल्यातील 1204 ची कमल बस्ती यांसारख्या वास्तूंना बांधकामाची नेहमीची सरकारी दरसूची लावता येत नाही. तिच्यातून सिमेंटचा गिलावा येतो. सिमेंट दगडात मुरलेले पाणी बाहेर सोडत नाही, क्षार आतच साठतात आणि काही पावसाळ्यांत दगडाचे पापुद्रे सुटतात. तिथे विरवलेला चुना आणि वाळूच हवी. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत अनेक आठवडे घट्ट होत राहतो. तोवर तो गोणपाटाने ओलसर ठेवावा लागतो आणि धो धो पावसापासून सांभाळावा लागतो. खानापूरच्या पावसात मे महिन्यात चुन्याने भरलेल्या दगडांमधल्या फटी टिकणार नाहीत, ते काम फेब्रुवारीतच आटोपले पाहिजे. सांध्यातला पिंपळ वरून छाटून भागत नाही, मुळासकट काढून ती पोकळी चुन्याने भरावी लागते. वास्तूभोवती पेव्हर ब्लॉक घालणे म्हणजे संवर्धन नव्हे. उतार चुकला तर पाणी थेट जोत्यात शिरते.

कौलारू मराठी शाळांना तर दरवर्षी थोडीच रक्कम हवी असते. एप्रिलमध्ये शाकारणी, कुजलेल्या रिपा बदलणे आणि पन्हळी साफ करणे, एवढे झाले तरी वासे वाचतात. ते होत नाही, आणि नंतर छपरासह वर्गखोलीच धोकादायक ठरते.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार अशा कामांची माहिती न मागता जाहीर करायची असते. अंदाजपत्रक आणि आधी-नंतरच्या लेव्हलच्या नोंदी ग्रामपंचायतीत कन्नडबरोबर मराठीतही लावाव्यात, म्हणजे शेतकऱ्याला त्या स्वतः तपासता येतील. आणि पुढच्या वर्षीच्या कामांची पाहणी पुराच्या खुणा भिंतींवर आणि झाडांवर दिसत असतानाच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करून घ्यावी.

आपला,
एक स्थापत्य अभियंता, बेळगाव