रक्तप्रवाह सुरू झाल्यानंतरच्या रात्रीबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार. माझे वडील, अप्पा, आता ज्वारीची भाकरी खातात आणि मीठ कमी पडलं म्हणून कुरकुरतातही. त्यांच्या पोटात आतडं बहुतांशी शाबूत आहे ते तुमच्यामुळे, म्हणून हे जाहीर पत्र.

अप्पा वेदनेने गडाबडा लोळत होते आणि पोट मात्र हाताला मऊ लागत होतं. आधीच्या दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी धाडलं होतं. तुम्ही नाडी धरलीत, ठोके अनियमित लागले आणि क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीच्या, रिपोर्टची वाट न बघता थेट सीटी अँजिओग्राफीला, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनला, पाठवलंत. हृदयातून सुटलेली गुठळी आतड्याच्या मुख्य धमनीत अडकली होती.

गुठळी निघाली हे कळल्यावर आम्ही हात जोडले. तुम्ही म्हणालात, "थांबा, खरा धोका आता आहे." आणि केस पेपरच्या मागे पेनने आतड्याच्या अस्तराचे बोटांसारखे उंचवटे काढून दाखवलेत. त्यांच्या टोकांना एरवीही ऑक्सिजन कमीच पोचतो, म्हणून आधी तीच मरतात. मी जीवशास्त्र शिकवते, तरी बंद पडलेलं रक्त परत येतानाही घात करतं हे मला माहीत नव्हतं. उपाशी पेशींत ऑक्सिजन शिरताच झँथिन ऑक्सिडेझ हे एन्झाइम सुपरऑक्साइड हा पेशींना इजा करणारा ऑक्सिजनचा प्रकार तयार करतं, पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात, अस्तर गळू लागतं आणि आतले जंतू रक्तात जायची वाट मोकळी होते. नंतर वाचलं, 1986 साली पार्क्स आणि ग्रेंजर यांनी मांजरांच्या आतड्यावर हेच दाखवलं होतं: तीन तास रक्त कमी करून एक तास परत सोडलं, तर सलग चार तास कमी ठेवण्यापेक्षा अस्तराची हानी जास्त होते.

यावर एखादं औषध नाही का, असं मी विचारलं. प्राण्यांत हे एन्झाइम रोखणाऱ्या ॲलोप्युरिनॉलसारखी बरीच औषधं चालली, माणसांत अजून कशावरही भरवसा ठेवावा असं नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. खोटा दिलासा दिला नाहीत, याचे आभार वेगळे मानते. राहिलं ते लक्ष ठेवणं: सलाईन पुरेसं पण आतड्याला सूज येईल इतकं नाही, नवी गुठळी होऊ न देणारं हेपॅरिन, अँटिबायोटिक्स, रक्तातल्या पोटॅशियमच्या आणि लॅक्टेटच्या (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) तपासण्या. रात्रपाळीच्या सिस्टर दर तासाला लघवीच्या पिशवीवरचा आकडा वाचून लिहीत होत्या. रक्तदाब घसरला तेव्हा रेसिडेंट डॉक्टरांनी औषध चढवताना आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळणार नाहीत ना, हे तुम्हाला फोन करून विचारलं. त्या दोघांनाही माझा नमस्कार सांगा.

सगळ्यात मोठे आभार ऑपरेशनच्या वेळी जांभळट दिसलेल्या आतड्याबद्दल. ते तेव्हाच कापून टाकणं सोपं होतं. तुम्ही नक्की मेलेला तुकडा तेवढा काढलात, शंकास्पद भाग तसाच ठेवलात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोट उघडून पाहिलंत. त्यातला बहुतेक भाग गुलाबी झाला होता. तो गेला असता तर अप्पांना उरलेलं आयुष्य शिरेतून अन्न घ्यावं लागलं असतं.

रक्त पातळ ठेवायची गोळी रोज रात्री मीच देते, रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआरही वेळेवर तपासतो. पुढच्या तपासणीला अप्पा स्वतः चालत येणार आहेत, लिफ्ट नको म्हणतात.

आपली कृतज्ञ,
अप्पांची थोरली लेक