सूचना : चाळीच्या आठवणी रविवारपर्यंत पाठवा

मंडळी, नमस्कार. वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळींच्या आठवणी पाठवायची मुदत येत्या रविवारी रात्री संपते. आतापर्यंत आलेल्या मजकुरात जांबोरी मैदान आणि दहीहंडीच जास्त आहे. तेवढ्यावर थांबू नका. १६० चौरस फुटांच्या खोलीत गावचे पाहुणे आले की कोण कुठे झोपायचं, दोन चाळींमधल्या गल्लीत चेंडू तळमजल्याच्या खिडकीत गेला की आऊट की फोर, सकाळी सामाईक संडासाबाहेर डबा ठेवून धरलेला नंबर, हे कुणीच लिहिलेलं नाही. (लाजू नका, सगळ्यांनीच धरलाय.)

फोटोत माणसांच्या मागे गल्ली, जिना किंवा मधला पॅसेज दिसत असेल तर तो आधी पाठवा. सोबत चाळ क्रमांक, मजला आणि अंदाजे साल लिहाच. एकट्या वरळीत मुळात १२१ चाळी होत्या, त्याही एका साच्यातल्या. नंबराशिवाय ओळखणार कशा?

पुनर्विकासानंतर नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांनी अल्बम आता तरी खोक्यांतून बाहेर काढावेत. आजी-आजोबांना टाइप करणं जमत नसेल तर नातवंडांनी त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवावा.

आणि गुड मॉर्निंगचे फॉरवर्ड रविवारपर्यंत आवरा, त्यात फोटो सापडत नाहीत.